कृत्तिकांची गाडी घेऊ का?

पत्र:

काका, आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. मी हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. पहाटे पावणेसहाला घर सोडावं लागतं आणि हिवाळ्यात त्या वेळी आमच्या गल्लीतला बर्फ कुणी काढलेला नसतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई निवृत्त होऊन ॲरिझोनाला चालल्या आहेत. त्या त्यांची २०१३ ची सुबारू आउटबॅक साडेआठ हजार डॉलरला देतायत. इंजिन २.५ लिटरचं, १ लाख ८ हजार मैल झालेत. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फायलीत लावलेल्या आहेत. मला गाडी मनापासून आवडली. नवरा म्हणतो, टोयोटा नाहीतर होंडा, तिसरं नाव काढू नकोस. मंडळातले त्याचे मित्र म्हणतात, सुबारूचं हेड गॅसकेट जातं म्हणजे जातंच. आमच्या हॉस्पिटलातले सुबारूवाले मात्र त्या गाडीबद्दल घरातल्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं बोलतात. आणि साताऱ्याहून सासरे विचारतात, ही कुठली कंपनी, नाव ऐकलं नाही. पैसे माझे, चालवणारही मीच. पण सगळ्यांना डावलून घेतली आणि उद्या बंद पडली, तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. काय करू? – बर्फातली सांगलीकर

उत्तर:

प्रिय सांगलीकर,

तू काका म्हटलंस, तेव्हा मी सरळ अगंतुगं करतो.

आधी सासऱ्यांचं उत्तर देऊन टाकू. ते सोपं आहे आणि सांगायला मजाही येते. त्यांना सांग की नाव तुम्ही लहानपणापासून ऐकलंय, फक्त जपानीत ऐकलेलं नाही. अश्विनी, भरणी, कृत्तिका. सुबारू म्हणजे कृत्तिका. ज्या सहा जणींनी कार्तिकेयाला दूध पाजलं, ज्यांच्यावरून आपल्या कार्तिक महिन्याला नाव मिळालं, तोच ताऱ्यांचा पुंजका. गाडीच्या नाकावरचं निळं लंबगोल चिन्ह नीट बघ, त्यात तारे सहाच आहेत. एक मोठा, पाच लहान. जपान्यांनीही नुसत्या डोळ्यांनी सहाच मोजले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पार्किंगमध्ये एका परक्या माणसाच्या गाडीपुढे वाकून तारे मोजत उभा होतो आणि तो माणूस दुकानाच्या दारातून माझ्याकडे संशयाने बघत होता.

सासऱ्यांना आणखी एक सांग. सुबारू भारतात त्या नावाने कधी आली नाही, पण २००० नंतरच्या दशकात जनरल मोटर्सने तिची फॉरेस्टर शेव्हरोले फॉरेस्टर म्हणून भारतात काही वर्षं विकली. तेव्हा जनरल मोटर्सचा सुबारूच्या कंपनीत हिस्सा होता. फारशी खपली नाही. चारही चाकांना जोर देणाऱ्या पेट्रोल गाडीचं पुण्या-मुंबईत कुणी काय करावं? पण कुठे दिसली असेल, तर सासऱ्यांनी ही गाडी दुसऱ्या नावाने बघितलेली आहे.

आता तुझा मूळ प्रश्न. एकीकडे सुबारूवर जीव टाकणारी माणसं, दुसरीकडे तिच्या नावाने कानाला खडा लावलेली, आणि दोघं एकाच गाडीबद्दल बोलतायत. यातलं खरं कोण, असा तुझा घोळ झालाय. माझ्या मते दोघंही खरं बोलतायत. या गाडीचे गुण आणि तिची दुखणी एकाच मुळातून आलेली आहेत. ते मूळ समजून घेतलंस तर या एका आउटबॅकचा निकाल तुझा तुलाच लावता येईल. म्हणून थोडा इतिहास ऐकून घे. कंटाळा आला तर टायरवाल्या परिच्छेदावर उडी मार, तो मात्र चुकवू नकोस.

चिकुहेई नाकाजिमा नावाचा एक नौदल अधिकारी होता. १९१७ मध्ये त्याने नौदल सोडलं आणि गुन्मा प्रांतातल्या ओता या आपल्या गावाकडे विमानं बनवायला सुरुवात केली. पुढे नाकाजिमा ही जपानातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपन्यांपैकी एक झाली. दुसऱ्या महायुद्धातली प्रसिद्ध झीरो विमानं आखली मित्सुबिशीने, पण त्यातली निम्म्याहून जास्त बांधली नाकाजिमाने. मग युद्ध हरलं. जपानला विमानं बनवायला बंदी आली. आणि कारखान्यात हजारो हात, जे पत्रा हलका ठेवून मजबूत कसा करायचा हे जाणत होते, रिकामे बसले.

त्या हातांनी काय केलं माहितीये? १९४६ मध्ये स्कूटर बनवली. नाव रॅबिट. पहिल्या रॅबिटना चाकं कुठून आणायची, तर बॉम्बर विमानांच्या शेपटीची उरलेली चाकं पडून होती, तीच लावली. मला हा सगळा इतिहास विसरायला झाला तरी ती चाकं विसरणार नाहीत. १९५० मध्ये कंपनीचे तुकडे पाडले गेले. त्यातले पाच १९५३ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि फूजी हेवी इंडस्ट्रीज उभी राहिली. पाच लहान तारे त्या पाच कंपन्यांचे, मोठा तारा त्यांना जोडणाऱ्या कंपनीचा. सुबारू या शब्दातही एकत्र येण्याचा अर्थ आहे. २०१७ मध्ये, विमानांच्या त्या पहिल्या कारखान्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, कंपनीने आपलं नावच सुबारू करून टाकलं.

पहिली खपलेली गाडी १९५८ ची सुबारू ३६०. आखणारे शिन्रोकू मोमोसे मूळचे विमानांचे माणूस. वजन चारशे किलोच्याही आत, इंजिन मागे, ताकद १६ हॉर्सपॉवर. जपानी लोक तिला लाडाने टेंटोमुशी म्हणायचे, म्हणजे तो पाठीवर ठिपके असलेला लहानसा गोल किडा. जपानच्या अरुंद रस्त्यांवर ती लाडकी झाली. १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम या दोघांनी ती अमेरिकेत आणली. वजन इतकं कमी की अमेरिकेचे त्या वेळचे सुरक्षेचे नियम तिला लागूच होत नव्हते, हाच तिचा परवाना. पुढच्याच वर्षी ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने तिला स्वीकारता न येण्याजोगी ठरवलं आणि गाड्या बंदराजवळ पडून राहिल्या. ज्या कंपनीला आज लोक सुरक्षित गाड्यांची म्हणून ओळखतात, तिची इथली सुरुवात अशी झाली. तुझ्या नवऱ्याच्या मित्रांना हे ठाऊक नसणार. सांगूही नकोस, आयतं कोलीत मिळेल.

आपल्या कामाची गोष्ट १९६६ ची. त्या वर्षी सुबारू १००० आली आणि तिच्यात आडवं झोपलेलं इंजिन होतं. साध्या गाडीत पिस्टन उभे वर-खाली होतात. यात दोन बाजूंनी समोरासमोर आडवे धावतात, मुठी आपटणाऱ्या मुष्टियोद्ध्यांसारखे, म्हणून त्याला बॉक्सर म्हणतात. अशा इंजिनाची उंची कमी असते, वजन जमिनीजवळ राहतं, डाव्या-उजव्या बाजूचे धक्के एकमेकांना मारून टाकतात आणि गाडी वळणावर कमी कलते. शिवाय इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या बरोबर मध्यरेषेत बसतात. तिथून एक दांडा सरळ मागे नेला की मागची चाकंही चालवता येतात.

तो दांडा मागे न्यायला लावला कुणी, हे ऐकून तू खूश होशील. उत्तर जपानातल्या तोहोकू वीज कंपनीची माणसं हिवाळ्यात डोंगरातल्या तारा दुरुस्त करायला जीपमधून जायची आणि गारठून जायची. त्यांना जीपसारखी चढणारी, पण घरच्या गाडीसारखी उबदार गाडी हवी होती. मियागीतल्या सुबारूच्या वितरकाने एका व्हॅनला दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा मागचा ॲक्सल जोडून नमुना तयार केला. त्यातून १९७२ मध्ये लिओने ही चारही चाकांना जोर देणारी स्टेशन वॅगन बाजारात आली. म्हणजे ही गाडी जन्मली कुणासाठी? पहाटे बर्फात कामावर जाणाऱ्या पगारदार माणसासाठी. ऑरोरात पावणेसहाला निघणारी तू त्या लाइनमनचीच भावकी.

पुढचं थोडक्यात. १९९० च्या सुमारास अमेरिकेत कंपनीचं बरं चाललेलं नव्हतं. टोयोटा-होंडाशी सगळ्या आघाड्यांवर लढण्यापेक्षा आपल्या गाड्या मुळात घेतंय कोण हे त्यांनी शोधलं. यादीत निघाले शिक्षक, आरोग्यसेवेतले लोक, संगणकवाले, डोंगरदऱ्यांत भटकणारे आणि एकट्याने घर चालवणाऱ्या बायका, ज्यांत समलिंगी स्त्रियांचं प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगं होतं. त्या काळात इतर कंपन्या या ग्राहकांकडे बघायलाही कचरत होत्या. सुबारूने त्यांच्यासाठी जाहिराती केल्या आणि २००० मध्ये टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवालाही जाहिरातीत घेतलं. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना हिने विचारलं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. तुझ्या हॉस्पिटलात सुबारूचा एवढा सुळसुळाट का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं कोलोरॅडोच्या हवेत. दरम्यान १९९५ मध्ये आउटबॅक आली, म्हणजे स्टेशन वॅगनच जरा उंच करून, मोठी चाकं लावून. त्याच वर्षी कॉलिन मॅक्रेने सुबारूच्याच निळ्या इम्प्रेझातून जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलं. तुझ्या आउटबॅकचा त्याच्याशी संबंध एवढाच की दोघींचं इंजिन झोपलेलं आणि चारही चाकं जागी.

आता गॅसकेट.

नवऱ्याचे मित्र हवेत बोलत नाहीयेत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साधारण २०१० पर्यंतच्या अनेक २.५ लिटर इंजिनांची हेड गॅसकेटं गळायची, हे अमेरिकेतल्या कुठल्याही मेकॅनिकला विचार. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्याचं डोकं यांच्यामधली पातळ चकती. एका बाजूला जळणारा वायू, बाजूने तेल, बाजूने कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आणि तिने यातलं काही एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. त्या वेळी चकतीचं साहित्य त्या तापण्या-निवण्याला पुरं पडलं नाही. इंजिन झोपलेलं म्हणून अशी डोकी दोन, डावं आणि उजवं, म्हणजे चकत्याही दोन. आणि नीट काम करायचं तर बहुतेक मेकॅनिक अख्खं इंजिनच बाहेर काढतात. जे इंजिन गाडीला वळणावर स्थिर ठेवतं, तेच दुरुस्तीला आलं की खिसा कापतं. याला मी एकच मूळ म्हणतो.

पण तू बघतेयस ती २०१३ ची आहे आणि हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्या वर्षी २.५ लिटर आउटबॅकमध्ये नवं इंजिन आलं. गॅसकेटची ती जुनी कीर्ती त्याला चिकटवता येत नाही. इंजिनातले भाग एका तालात ठेवणारा टायमिंग बेल्ट जाऊन साखळी आली, म्हणजे १ लाख ५ हजार मैलांना बेल्ट बदलण्याचा मोठा खर्चही गेला. तेलाचा फिल्टर वरच, बोनेट उघडलं की हाताशी. म्हणजे मित्रमंडळी जिला नावं ठेवतायत ती हिची थोरली बहीण.

धाकटीचे स्वतःचे नखरे आहेतच. या नव्या इंजिनाच्या सुरुवातीच्या काही गाड्या तेल प्यायच्या. गळत नाही, धूर नाही, पण दोन सर्व्हिसच्या मध्ये तेलाची पातळी खाली. त्यावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला, तडजोड झाली आणि कंपनीने ठरावीक वर्षांच्या गाड्यांची वॉरंटी त्या दोषापुरती वाढवली. २०१३ ची आउटबॅक त्या यादीत आहे. दुसरा नखरा गिअरबॉक्सचा. तुझी गाडी ऑटोमॅटिक असेल, तर तिच्यात पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नाहीत, दोन आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पुली आणि त्यांच्यावरून फिरणारी साखळी आहे. त्याला सीव्हीटी म्हणतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एकाच सुरात हंबरतं आणि गाडी जरा विचार करून मग निघते. काहींना हा आवाज असह्य होतो. आवाजाचं एक वेळ सोडून दे, पण त्या वर्षांतल्या काही सीव्हीटी लवकर आजारी पडल्या. कंपनीने त्यांचीही वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. तुझ्या गाडीपुरत्या या मुदती उलटून गेल्यात, दोन्ही काट्यांनी. पुढे जे होईल ते तुझ्या खिशातून, हे मनाशी धरूनच व्यवहार कर.

मालकांच्या इतर तक्रारी कमी गंभीर आहेत. रंगाचा थर पातळ, खड्याने टवका उडतो. जरा जुनी झाली की आत वाऱ्याचा आवाज. मायलेज ठीक, पण होंडावाल्याला तोंड दाखवण्याजोगं नाही. नव्या काही मॉडेलांच्या पुढच्या काचा तडकण्यावरून आणि बॅटऱ्या उतरण्यावरूनही दावे झाले, पण ती तुझ्या गाडीनंतरची कहाणी. कौतुकाची यादीही तितकीच लांब आहे: काचा मोठ्या, चारही बाजूंना दिसतं, सीट फार खाली नाही की फार वर नाही, मागे सगळा संसार मावतो, आणि अपघाताच्या चाचण्यांत ही कंपनी वर्षानुवर्षं वरच्या ओळीत. आणि बर्फ. बर्फाबद्दल कुठल्याही सुबारूवाल्याला विचारू नकोस, अर्धा तास जाईल.

एक मात्र लक्षात ठेव. गाडीवर जीव असलेला माणूस खर्च विसरतो. पाच वर्षांत काय काय बदललं ते त्याला आठवत नाही, पण त्या एका वादळात सगळ्या गाड्या रस्त्याकडेला असताना आपली कशी निघाली ते तपशीलवार आठवतं. आपण माणसांच्या बाबतीतही तेच करतो म्हणा. म्हणून हॉस्पिटलातल्या मैत्रिणींना "गाडी कशी आहे?" असं विचारू नकोस. "गेल्या दोन वर्षांत काय काय खर्च आला?" असं विचार. उत्तर देताना त्या ज्या वेगाने विषय बदलतील, त्यावरून तुला अंदाज येईल.

आता टायर. याच्यावर मी जास्तच बोलणार आहे.

सुबारूची चारही चाकं सतत जोडलेली असतात. दोन चाकांचा घेर वेगळा असेल तर ती वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या क्लचला दर मैलाला तो फरक सोसावा लागतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. झिजेतला फरक २/३२ इंचापलीकडे जाऊ देऊ नये, असं टायरवाले सांगतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की अर्धे झिजलेले चार टायर आहेत, त्यातला एक खिळ्याने फाटला, तर नवा एकच टाकून चालत नाही. एकतर चारही बदला, नाहीतर नवा टायर मशीनवर घासून बाकीच्या तिघांइतका करून घ्या. असं घासून देणारे आहेत, लोकांना ठाऊक नसतं इतकंच. आणि दर सर्व्हिसला चाकांची अदलाबदल करायला विसरायचं नाही. बर्फात तुला तारणारी चार चाकं वर्षभर तुझ्याकडून अशी भाडं घेत राहतात.

गाडी बघायला जाशील तेव्हा म्हणूनच आधी इंजिन उघडू नकोस, उकिडवी बसून टायर बघ. चार वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले, तर पावत्यांची फाइल कितीही जाडजूड असली तरी परत फिर. सारखे दिसले तर खाचांची खोली मोज. तुमच्या कोलोरॅडोत नियमच आहे की सप्टेंबर ते मे आय-७० महामार्गावर मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंत डोंगरात जायचं तर, चारही चाकं चालणारी गाडी असली तरी, टायरच्या खाचांना ३/१६ इंच खोली हवी. शनिवारी पोरांना घेऊन वर जाणार असशील तर हे लागेलच.

इथे माझी एक फजिती सांगतो. माझा इथला दुसरा हिवाळा. चारही चाकं चालणारी गाडी घेतली होती, कुठली ते राहू दे, चूक तिची नव्हतीच. टायर गुळगुळीत. मला वाटलं, चार चाकं चालतायत म्हणजे आपल्याला आता कोण अडवणार! सिग्नलवरून सगळ्यांच्या पुढे निघालो आणि पुढच्या सिग्नलला थांबताच येईना. हळूहळू, अगदी नम्रपणे, एका खड्ड्यात जाऊन विसावलो. चार चाकं निघायला मदत करतात, ब्रेक सगळ्यांचे सारखेच असतात. तेव्हा तू कुठलीही गाडी घे, पण जमलं तर हिवाळी टायरांचा वेगळा संच घे. हिवाळी टायर लावलेली, दोनच चाकांना जोर देणारी होंडा गुळगुळीत टायरांच्या सुबारूपेक्षा लवकर थांबते. तुझ्या नवऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखा हा एक मुद्दा आहे. तो त्याला अजून सुचलेला दिसत नाही.

आणि नवरा तसा चुकीचा नाही. विकताना टोयोटाला भाव मिळतो, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, कुठलाही मेकॅनिक ती उघडतो. बर्फ वर्षातून दोनदाच पडणाऱ्या गावात तू राहत असतीस, टेक्ससात म्हण, तर मी त्याचीच री ओढली असती. तिथे ही गाडी म्हणजे पाऊस नसताना छत्री बाळगणं. पण तुझी पहाट वेगळी आहे. शिवाय त्याच्यासाठी एक गंमत राखून ठेव. २०२० पासून सुबारूचा सुमारे पाचवा हिस्सा टोयोटाच्या मालकीचा आहे. "टोयोटाच घे" म्हणाला तर सांग, वीस टक्के घेतेय.

आता करायचं काय ते. बाईंना सांग की मी सकाळी येते आणि मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. आधी तेलाची कांडी काढून पातळी बघ, आणि शेवटचं तेल कधी बदललं ते फायलीत बघ. तेल बदलून तीन हजार मैल झालेत आणि पातळी भरलेली आहे, तर आनंद आहे. कालच बदललंय, तर कांडी तुला काही सांगणार नाही, तेव्हा मधल्या काळात वरून किती घातलं हे बाईंना सरळ विचार. पावत्यांत सीव्हीटीचं तेल बदलल्याची एक तरी नोंद शोध. हे तेल आयुष्यभर चालतं असं म्हणणारे आहेत, पण कुणाचं आयुष्य ते सांगत नाहीत. स्वतंत्र मेकॅनिक मात्र ते बदलायला सांगतात. कूलंटच्या छोट्या टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघड. आत तेलकट तवंग दिसला की नमस्कार करून निघ.

मग चालव. हायवेवर नंतर जा, आधी रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेऱ्या मार. गाडी अडखळत, कुणीतरी मागून धरल्यासारखी फिरली तर चार चाकांच्या जोडणीत काहीतरी आहे. थांबताना इंजिन बंद पडू पाहतं का, हळू वेगात थरथरतं का, ते सीव्हीटीसाठी. गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक, सरकारी रिकॉलच्या पानावर घालून बघ; रिकॉल म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं. तकाता कंपनीच्या एअरबॅगांचं रिकॉल अनेक कंपन्यांना भोवलं, सुबारूही त्यातलीच, आणि राहिलेलं रिकॉल असेल तर ते काम वितरकाकडे फुकट होतं. शेवटी, बाईंच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नाही, सुबारूचंच काम करणाऱ्या दुसऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे पैसे देऊन तपासून घे. डेन्व्हर भागात असे कितीतरी आहेत. बाईंनी तपासणीला आढेवेढे घेतले तर तेच उत्तर समज. पण फाइल लावणाऱ्या बाई आढेवेढे घेणार नाहीत, असं माझं मन सांगतं. वीस वर्षांत मी एक बघितलंय, तेल बदलल्याची पावती जपणारा माणूस गाडीही जपतो.

तपासणीत मोठं काही निघालं नाही तर घे. टायर संपत आले असतील तर चार टायरांची किंमत साडेआठ हजारांतून वजा करून माग, लाजू नकोस. आणि गाडीसाठी म्हणून दीड-दोन हजार डॉलर वेगळे ठेव, त्यांना हात लावू नकोस. सीव्हीटी गेली तर ते पुरणार नाहीत, पण बाकी बहुतेक गोष्टींना पुरतील. तपासणीत सीव्हीटीबद्दल मेकॅनिकने नुसती मान जरी हलवली, तर नको घेऊ. इथे माया करू नकोस.

राहिली जन्मभर ऐकून घेण्याची भीती. त्यावर माझ्याकडे एकच युक्ती आहे. नवऱ्याला तपासणीला घेऊन जा आणि मेकॅनिकने गाडी लिफ्टवर वर घेतली की त्याला खाली उभं करून टॉर्च हातात दे. "तू बघ, मला यातलं कळत नाही," असं म्हण, खोटं असलं तरी. ज्या गाडीच्या पोटाखाली उभं राहून त्याने स्वतः टॉर्च मारला, तिच्याबद्दल पुढे तो मित्रांना काय सांगतो ते मला कळव. गॅसकेटवाले मित्र आलेच, तर त्यांना विचार, "कुठल्या वर्षाची?"

सासऱ्यांना मात्र मार्गशीर्षात संध्याकाळी गच्चीवर पाठव. पूर्वेकडे, रोहिणीच्या जरा वर, मुठीत मावेल एवढा पुंजका. तुझ्याकडे तेव्हा पहाट असेल आणि तू काचेवरचा बर्फ खरवडत असशील.

तुझा,
गाडीवाला काका